पट्ट्याचं मोकळं टोक

बाळाला छातीशी बांधायचं कॅरियर पलंगावर उताणं पसरून त्याने पुन्हा एकदा मोजलं. पट्टे चार: कमरेचा एक, खांद्यांचे दोन, पाठीवरून जाणारा आडवा एक. बकलं चार. बाळाच्या मानेमागे येणारी मऊ झडप एक, तिला टिचबटणं दोन. उरलेली टोकं गुंडाळून ठेवायचे रबरी फासे सहा. शिवाय आठ घड्यांचं एक माहितीपत्रक, अकरा भाषांमधलं. चित्रातल्या माणसाला नाकडोळे नव्हते, डोक्याच्या जागी नुसता गोल होता; तरी तो माणूस निवांत दिसत होता.

स्वयंपाकघरात त्याच्या आईच्या खांद्यावर तान्ही ठिपकी रडत होती. बायको दारात उभी होती. दोन्ही हात काखेत दाबलेले.

“ये,” तो म्हणाला. “आधी नुसतंच घालून बघू. रिकामं.”

ती आली. शिंप्याकडे माप द्यायला उभी राहावी तशी हात थोडे दूर धरून उभी राहिली. त्याने कमरेचा पट्टा लावला, आवळला, खांद्यांवरून दोन्ही पट्टे घेतले, मागे आडवं बकल अडकवलं. टक् असा आवाज झाला. तिने मान वळवून आवाजाकडे पाहिलं.

“बसलं नीट. आता तिला आणू?”

“नको.”

“मी धरून असेन. माझे दोन्ही हात खाली.”

“काढ हे. निसटेल ती.”

“कशातून निसटेल? जागा दाखव मला.”

तिने जागा दाखवली नाही. पुन्हा काखेत गेलेले हात बाहेर काढून त्याच्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. ती नकाशे काढायची. याच बोटांनी ती डोंगराच्या समोच्च रेषा एकमेकींना लागू न देता केसाच्या अंतराने ओढायची, आणि भिंतीवरची चौकट डावीकडे झुकली आहे हे चहाचा कप तोंडाला लावता लावता सांगायची.

त्याने बकलं सोडली.

ठिपकी हे नाव तिच्यामुळेच पडलं होतं. पहिल्या सोनोग्राफीत पडद्यावर एक ठिपका दिसला, तेव्हा तिने तपासणाऱ्या बाईंना विचारलं होतं, “हा कुठल्या प्रमाणात काढलाय?” घरी येईपर्यंत दोघं हसत होती. पोटातलं बाळ ठिपका झालं. मुलगी झाल्यावर त्याने आणि आईने ठिपक्याची ठिपकी केली. बायकोने ते नाव अजून घेतलं नव्हतं. कुठलंच घेतलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यापासून ती दूध नेमाने काढत होती, बाटलीचं झाकण दोनदा तपासत होती, आणि बाटली सासूच्या हातात देत होती. बाळाला हात लावत नव्हती. बाळंतपणानंतर असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गोळ्या चालू ठेवा, वेळ द्या, तिला ढकलू नका. वेळ म्हणजे साधारण किती, असं त्याने विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आकडा दिला नव्हता.

तो ज्या प्रयोगशाळेत नोकरीला होता तिथे पट्टे तोडायचं काम चाले. गाड्यांच्या सीटचे, पाठीवरच्या पिशव्यांचे, मालाचे गठ्ठे बांधायचे. यंत्राच्या दोन जबड्यांत पट्टा धरायचा, जबडे हळूहळू लांब न्यायचे, आणि किती जोराला तुटला ते पाहायचं. निसटेल, असं कुणी म्हटलं की त्याच्यापाशी या प्रश्नाचं उत्तर काढायची एक रीत होती. त्याने तसंच दुसरं कॅरियर विकत आणलं.

“एक वापरायला आणि एक तोडायला?” आई म्हणाली. “तुझ्या बापाने उभ्या जन्मात एक छत्री घेतली आणि तीच दुरुस्त करत बसला. तू कुणावर गेलास रे?”

“पहिलं तू घालून बघ ना. दिवसभर खांद्यावर घेतेस, मान आखडते तुझी.”

आईने घालून पाहिलं. कमरेचा पट्टा पार शेवटापर्यंत सोडला तेव्हा कुठे बकल लागलं. मोकळं टोक उरलं दोन बोटं.

“ही पिशवी उपाशी बायकांसाठी शिवलेली दिसतेय,” श्वास रोखून आई म्हणाली. “काढ बाबा. मला पोर उचलायला हात आहेत देवाच्या दयेने.”

बोलून झाल्यावर तिने सुनेच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यानंतर तिने पिशवीला हात लावला नाही.

प्रयोगशाळेत यंत्रावर त्याच्या शेजारी काका असत. निवृत्तीला आलेले, सगळ्यांचेच काका.

“घरची भांडणं यंत्रावर आणलीस होय?”

“बकल तपासायचंय, काका.”

“कोण बसणार आहे त्यात? हत्तीचं पिल्लू?”

तरी काका खुर्ची ओढून शेजारी बसले. बकल तुटण्याआधी पट्टा सरकतो, म्हणाले, खूण करून बघ. म्हणून त्याने पट्टा बकलातून बाहेर येतो तिथे पांढरी रेघ मारली. ताण वाढत गेला तशी रेघ कणाकणाने बकलाच्या आत गेली. बाहेरचं मोकळं टोक आखडत गेलं, बंध सैल होत गेला.

“सगळ्या पट्ट्यांची हीच खोड,” काका म्हणाले. “सैल आपसूक होतात. आवळायचे तर माणूस लागतो.”

मग बकल तुटलं. एकशे अठरा किलोला.

हा आकडा घेऊन तो त्या संध्याकाळी जवळजवळ धावतच घरी गेला. बायको खिडकीशी बसली होती. त्याने तुटलेल्या बकलाचे दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवले.

“एकशे अठरा किलो. ठिपकीच्या वजनाच्या अठ्ठावीसपट.”

तिने एक तुकडा उलटासुलटा केला. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे तुटतं,” ती म्हणाली.

“अठ्ठावीस ठिपक्या एकदम बसवल्या तर.”

“हो. पण तुटतं.”

किती जोर लावला तर काय होतं, हे सांगण्यातच त्याची सगळी नोकरी गेली होती. काहीच होणार नाही, असं त्या यंत्राने आजवर एकाही वस्तूबद्दल सांगितलेलं नव्हतं. त्याने तुकडे परत घेतले आणि पँटच्या खिशात टाकले. ते खिशातच राहिले. कपडे बदलताना तो ते या खिशातून त्या खिशात टाकत राहिला.

मग कॅरियर तो स्वतःच घालू लागला. कामावरून आला की हातपाय धुऊन कमरेचा पट्टा लावायचा, ठिपकीला छातीशी धरायचं, झडप वर घ्यायची, तिच्या हनुवटीखाली दोन बोटं जातात ना ते पाहायचं. या पट्ट्यांवरही त्याने पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, सरकतात का बघायला. त्याच्या अंगावर कमरेचं मोकळं टोक चौदा सेंटीमीटर राही, डाव्या खांद्याचं नऊ, उजव्याचं दहा. तुझा डावा खांदा वर आहे, असं बायकोने त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा त्याने ते थट्टेवारी नेलं होतं.

तो या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. मुद्दाम पलंगापाशी जास्त रेंगाळायचा, ठिपकीचं डोकं बायकोला दिसेल असा उभा राहायचा. ढकलू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्याला आठवायचं, आणि नुसतं उभं राहणं हे ढकलण्यात मोडतं की नाही याचा तो विचार करत राहायचा. बायको भिंतीकडे कूस बदलायची. झोपलेली नसायची. झोपलेल्या माणसाचे खांदे असे नसतात.

“तू दमलास की सांग,” आई म्हणायची.

“नाही दमलो.”

“मी सुनेबद्दल म्हणत नव्हते, या पोरीला उचलून दमण्याबद्दल म्हणत होते,” आई म्हणायची.

एका दुपारी आईचा फोन आला तेव्हा यंत्रात पट्टा चढवलेला होता.

“तोंडात भट्टी पेटलीये,” आई म्हणाली. शब्द दाताखाली अडकत होते. “दाताचा डॉक्टर म्हणतो आत्ता याल तर बघतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात. गाल नुसता भोपळा झालाय. मी जाऊ का?”

“मी येईपर्यंत थांब.”

“थांबले असते रे. उभं राहवत नाही. ठिपकी झोपलीये, दूध काढून ठेवलंय.”

“ती काय म्हणते?”

आईने आवाज खाली आणला.

“ती म्हणते, जा.”

त्याने यंत्र बंद केलं. काकांनी काही न विचारता त्याच्या हातातला मोजणीचा कागद काढून घेतला आणि त्याच्या जागी जाऊन बसले.

बस पुलावर अडकली. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. चालक खाली उतरून दुसऱ्या बसच्या चालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. इकडे बसमध्ये त्याने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन दिवाणखान्यात असतो, पलंगापासून उठून यावं लागतं, वेळ लागतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. ठिपकी रडत असेल तर फोन ऐकू येणार नाही. ठिपकी रडत नसेल तर यायला हवा. दोन्ही वाक्यं बरोबर होती आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

“ओ, दार उघडता का?” त्याने चालकाला हाक मारली.

“पुलावर उतरायला बंदी आहे, साहेब.”

“घरी लहान बाळ आहे.”

“आमच्याकडेही आहेत,” चालक म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून दार उघडलं.

तो पूल संपेपर्यंत धावला, मग चालला, मग पुन्हा धावला. खिशातल्या हाताने तुटलेल्या बकलाचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचा प्रयत्न चालला होता. ते बसत नव्हते. आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते आहे, हे त्याने ठरवायचा प्रयत्न केला आणि ठरवलं नाही.

जिन्यात रडण्याचा आवाज नव्हता. दाराबाहेरही नव्हता. त्याने कुलपात किल्ली घातली.

घर जागच्या जागी होतं. बाटली रिकामी होऊन ओट्यावर पालथी घातलेली. लाकडी कॉटमध्ये ठिपकी उताणी झोपलेली, तोंड अर्धवट उघडं, एक पाय मोज्यात आणि एक उघडा. त्याने तळहात तिच्या छातीवर ठेवला. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तो तसाच वाकून राहिला.

पलंगावर बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“फोन केला होता मी.”

“ऐकला.”

“रडली का ती?”

“थोडी.”

“मग?”

“मग झोपली.”

तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. आणखी एक प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. ओट्याकडे जाऊन पाणी प्यायला.

आई आली ती गालाला रुमाल लावून. “अर्धं तोंड शेजाऱ्याचं आणल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली. “चहा पिऊ की नको? सांडेल.” तिच्या आवाजाने ठिपकी जागी झाली आणि रडायला लागली.

“घाल बाबा तुझी पिशवी. माझ्यात आता त्राण नाही.”

कॅरियर दारामागच्या खुंटीवर नेहमीसारखं टांगलेलं होतं. त्याने ते काढलं, कमरेभोवती घेतलं आणि बकलाचे दोन भाग पुढे ओढले. ते भेटले नाहीत. पट्टा कुठे अडकलाय का म्हणून त्याने मागे चाचपून पाहिलं. पोट आत घेतलं. तरी मध्ये पंजाभर अंतर राहिलं.

“दुपारच्या दुपारी जाड झालास की काय?” आई सुन्न तोंडाने म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. बकलापाशी असायची ती पांढरी रेघ खाली लोंबणाऱ्या टोकावर पार पुढे आलेली होती. कॅरियर उलटं झालं तसा आतून एक लहान मोजा जमिनीवर पडला.

पलंगावरची पाठ हलत नव्हती. श्वास घेतानासुद्धा नाही.

त्याने मोजा उचलला. कमरेचा पट्टा, सैल न करता, काढून घेतला. कॅरियर होतं तसं खुंटीला लावलं, आणि ठिपकीला नुसत्या हातांवर घेतलं.

“आज पिशवी नको?”

“राहू दे तशी.”

“हात भरून येतील.”

“येऊ देत.”

ठिपकी बराच वेळ रडली. हातांवर कशी धरावी हे त्याला नीट जमत नव्हतं. डोकं सावरलं की पाय घसरायचे, पाय सावरले की डोकं. आईने दोनदा हात पुढे केले, त्याने मानेने नको म्हटलं. तो पलंगापासून लांब, स्वयंपाकघरात फिरत राहिला. शेवटी ती दमून झोपली. त्याने तिला कॉटमध्ये ठेवलं, उघड्या पायात मोजा चढवला, आणि कामाच्या पिशवीतून पोलादी फूटपट्टी काढून दारामागे गेला.

खुंटीवरून न काढताच त्याने मोकळी टोकं मोजली.

कमर, पंचवीस सेंटीमीटर.

डावा खांदा, साडेसतरा.

उजवा खांदा, साडेसतरा.