शाहिरांची सर्दी

मेरुएर्तनं ऑक्सिजनचा मास्क बाळाच्या नाकावर पुन्हा नीट धरला. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि छातीतून शिट्टी वाजत होती. खाटेच्या पायथ्याशी तिच्या सासूबाई, कुल्याशआपा, बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं: सून न्हाली, ओल्या केसांनी खिडकी उघडली, माळावरचा गार वारा आत घेतला आणि तो पोराच्या छातीत भरला. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ते एव्हाना पाठ झालं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती तपासली आणि आपांचं म्हणणं अर्ध्यावरच तोडलं.

"वाऱ्यानं असं होत नाही, आपा. हा विषाणू आहे. मोठ्यांना झाला तर नुसतं नाक गळतं. एवढ्याशा जिवाच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या मात्र सुजतात, कफानं बुजतात. सर्दी झालेलं कुणी बाळाजवळ आलं होतं का?"

कुणी म्हणजे काय, अख्खा गाव आला होता. पाळण्याच्या मेजवानीला सासऱ्यांनी जिल्हाभर गाजलेल्या शाहिरांना बोलावलं होतं. शाहिरानं तान्ह्याच्या तोंडात थुंकलं की त्याची वाणी पोराला लाभते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शाहीर आले तेच नाक शिंकरत. गाण्याच्या साथीचा दोन तारांचा दोंब्रा मांडीवर घेण्याआधीच त्यांचा रुमाल ओला झाला होता. मेरुएर्तनं बाळाला घट्ट कवटाळलं होतं. "त्यांना सर्दी आहे, आपा," एवढंच ती पुटपुटली होती.

"अगं, शाहिरांची सर्दीसुद्धा नशीबवानालाच लागते," म्हणत आपांनी बाळ तिच्या हातातून काढून शाहिरांच्या तोंडाशी धरलं होतं. हशा पिकला होता. तिचा नवरा दौरेन शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आताही तो दाराशी उभा होता. मेरुएर्तनं त्याच्याकडे पाहिलं. सुनेनं सासूसमोर तोंड उघडायचं नाही, पण मुलाला कुणी अडवलं होतं?

"कुणी नाही," दौरेन म्हणाला. "खिडकी उघडी होती."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाळ वाचलं. शिट्टी हळूहळू विरली, ते पुन्हा दूध ओढू लागलं. घरी आले त्या दिवशी चहाला शेजारपाजार जमला. सासऱ्यांनी गाडीत एक लठ्ठ मेंढा चढवला, शाहिरांकडे पाठवायला. त्यांची लाळ पोटात होती म्हणून पोरगं तगलं, असं ते ज्याला त्याला सांगत होते.

मेरुएर्तनं दौरेनला ओसरीत गाठलं.

"तुला माहीत होतं."

"माहीत होतं," तो बूट चढवत म्हणाला. मेंढा पोचवायला तोच निघाला होता. "पण शाहिरांमुळे झालं, हे बाबांना कसं सांगणार? गावात तोंड दाखवता आलं नसतं त्यांना. तुझं काय, तुला चार दिवस बोलतील आणि विसरतील."

तिला त्याची किळस आली. इतकी, की तिनं त्याच्यासाठी हातात घेतलेली लोकरी टोपी तशीच खुंटीला परत अडकवली.

आतून आपांनी हाक मारली. सगळे मांडी घालून बसले होते.

"जाऊ दे आता," आपा मोठ्या मनानं म्हणाल्या. "अल्लड आहे, चुकली. मी तिला माफ केलं."

सगळे तिच्याकडे बघत थांबले. मेरुएर्तनं बाळाला खांद्यावर सावरून घेतलं आणि रीतीप्रमाणे गुडघा वाकवून सासूला सलाम केला.