जिंकेल तो भेटीला

मी टेबल बोलतोय. जेवणाचं नाही, ऑफिसचं तर नाहीच. चर्चमागच्या हॉलमधलं, ख्रिस्ती तरुण संघाचं टेबल टेनिसचं टेबल. माझं डावं अंग जरा उतरतं आहे, त्यामुळे पाहुण्या खेळाडूंची फजिती होते.

चर्चची जुनी बाकं मोडली, तेव्हा त्यांच्या फळ्यांतून एका तरुण सुतारानं मला घडवलं. तो संघाचाच सभासद. तेव्हा संघात जेमतेम अकरा जण होते. पुढे केस पिकल्यावर सगळे त्याला सुतारकाका म्हणू लागले.

माझ्यावर नुसता चेंडूच नाचला असं नाही. पुराच्या वेळी माझ्यावर कपड्यांचे ढीग लागले. संघातल्या पोरींनी माझ्याभोवती बसून धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सही शिकवली. एका पठ्ठ्यानं तर माझ्या जाळीवरूनच पलीकडच्या मुलीला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "आधी सर्व्हिस नीट कर."

पण संघाची खरी ओळख म्हणजे शनिवारचा नियम. एकट्या पडलेल्या, आजारी माणसांची यादी भिंतीवर असायची. जो हरेल त्यानं यादीतल्या एका घरी जाऊन तासभर बसायचं. आपणहून कोणी हात वर करेना, म्हणून पहिल्या सेक्रेटरीनं काढलेली ही युक्ती. चाळीस वर्षं बिनबोभाट चालली. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मी तर बोलूनचालून लाकूड.

मग सुतारकाकांच्या घरच्या काकू वारल्या, काकांचे गुडघे धरले आणि त्यांना न सांगताच त्यांचं नाव यादीत चढलं. त्या शनिवारी हरली ती बेकरीत काम करणारी आमची पोरगी. मनानं सोनं, पण जिभेला हाड नाही. गेली आणि दहा मिनिटांत परत येऊन माझ्या कडेवर बसून रडायला लागली.

"काय झालं गं?" चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं.

"काका म्हणाले, आज इकडे कशी? मी म्हटलं, हरले ना, म्हणून आले. तर म्हणाले, 'म्हणजे मी तुमची शिक्षा होय? ते टेबल मी केलंय, पोरी. जा.' आणि दार लावून घेतलं."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर काकांनी कुणालाच दार उघडलं नाही. पाळकसाहेब प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन गेले, त्यांनाही खिडकीतूनच "नको" म्हणाले. शेवटी सभा बसली.

"शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतो आपण," पाळकसाहेब म्हणाले, "आणि करतो कधी, तर हरल्यावर!"

नियम उलटा ठरला. जिंकेल तो जाणार.

आणि पुढच्या शनिवारी मी काय पाहावं? सगळे बहाद्दर चेंडू जाळीत मारतायत! कधी एक पॉइंट न सोडणारे आताचे सेक्रेटरी चेंडू खिडकीबाहेर घालवून "अरेरे" म्हणत होते. बेकरीवालीचा पारा चढला.

"लाज वाटू द्या जरा! नीट खेळा, नाहीतर खेळूच नका."

तिनं ओळीनं सात जणांना लोळवलं, सेक्रेटरींनाही, आणि तशीच घामाघूम धावत सुटली. काकांच्या दाराशी काय बोलली ते तिनंच नंतर सांगितलं. "काका, सात जणांना हरवून आलेय. आज मला कोणी अडवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही." मग कडी वाजली.

तीन आठवड्यांनी तिच्या हाताला धरून काका हॉलमध्ये आले. माझ्यावरून हात फिरवला, मला भरून आलं. मग यादीपाशी जाऊन त्यांनी आपलं नाव खोडलं आणि खालच्या नावावर बोट ठेवलं.

"ही शिवणकाम करणारी म्हातारी एकटीच असते ना? मी जाईन तिच्याकडे."

"त्याला जिंकावं लागतं, काका."

"मग खुर्ची आण."

गेले चार शनिवार काका खुर्चीत बसून खेळतायत आणि सपाटून मार खातायत. तरी पुढच्या शनिवारी सर्वांच्या आधी हजर. त्यांचा डाव बघायला हॉल भरू लागलाय. तुम्हीही या. फक्त काकांशी खेळताना दया दाखवून हरू नका. ते लगेच ओळखतात आणि डाव पहिल्यापासून मांडायला लावतात.