खांदे सैल सोडा

ती गाडी चालवायला शिकवायची. भर चौकात गाडी बंद पाडून घाबरलेल्या कित्येकांना तिनं शांतपणे बाहेर काढलं होतं. पण आठवड्याभराच्या लेकीपुढे तिनं हात टेकले. पोरगी छातीशी आली की नुसतं टोक तोंडात धरायची आणि दूध येईना म्हणून घर डोक्यावर घ्यायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, त्यामुळे लेकीनं तोंड उघडलं की आई आधीच अंग चोरायची.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणायच्या, आमच्या वेळी मुलं आपसूक प्यायची. नवऱ्यानं फोनवर इतके व्हिडिओ पाहिले की प्रत्यक्ष पाजणं सोडून त्याला सगळं येत होतं. बाळाचं वजन भरेना, तेव्हा डॉक्टरांनी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायला सांगितलं आणि एका नर्सला घरी पाठवलं.

नर्स दारातच हसली. "ओळखलंत, मॅडम? रिव्हर्स घेताना तुमचं फाटक पाडलेली मी."

तिनं ओळखलं. आता ही सगळं उट्टं काढणार, असं तिला वाटलं.

नर्सनं थोडा वेळ नुसतं पाहिलं. "खांदे कानाला टेकलेत. सैल सोडा. आणि तुम्ही बाळाकडे वाकू नका, त्याला तुमच्याकडे आणा."

तिनं आईला मागे रेलायला लावलं, पोरीचं पोट आईच्या पोटाला टेकवलं. पहिला प्रयत्न फसला. दुसराही.

"मला जमतच नाही गं."

"मी कितीदा नापास झाले! कधी मला ढ म्हणालात?"

"मनात म्हणायचे."

नर्स खो खो हसली, मग तीही. सासूबाईंनी तर लेकाकडे बोट दाखवून सांगून टाकलं की हाही महिनाभर अंगावर प्यायला नव्हता. नवऱ्याचा चेहरा पाहून हसू आवरेना. त्या हसण्यात तिचे खांदे खाली आले, लेकीनं मोठा आ केला आणि नर्सनं तिला चटकन जवळ आणलं. घोट ऐकू येऊ लागले.

सगळं एका दिवसात सुधारलं नाही. चिरा हळूहळू भरल्या, वाटी-चमचा आणखी काही आठवडे राहिला. डावी बाजू पोरीला उशिरा पटली. पण आता ती पिता पिता छातीवरच झोपायची आणि आईला हलता यायचं नाही. मग नवरा बायकोला जेवण भरवायचा. फार सांभाळून, चिमणीएवढे घास.

"जरा मोठा घास दे की," ती कुजबुजायची.