रिवेटवाला नवरा, स्क्रूवाला दीर

माझ्या नवऱ्याला आणि दिराला एका खोलीत दहा मिनिटं सोडा, अकराव्या मिनिटाला रिवेट आणि स्क्रू निघालेच म्हणून समजा. लोकांकडे भावाभावांत जमिनीवरून भांडणं होतात. आमच्याकडे पत्र्याला भोक पाडून त्यात काय घालायचं यावरून होतात. बावीस वर्षं ऐकतेय. कान किटले माझे.

दोघेही पत्रेवाले. पत्रा कापून, वाकवून डक्ट बनवतात, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे. तुकड्याला तुकडा जोडायचा तर नवरा रिवेट मारतो, म्हणजे भोकात घालून कायमची चेपून टाकायची बिनआट्यांची खिळी. "एकदा बसला की बसला. आतून गुळगुळीत. जन्मात हलणार नाही," हे म्हणताना छाती अशी फुगते, जसा काही रिवेट यानेच शोधून काढलाय. दीर स्क्रूवाला. मशीन टेकवली, गर्रकन फिरवली, झालं काम. "दादा, उद्या उघडायची वेळ आली तर तुझा रिवेट ड्रिलने फोडत बसायचं का?" असं तो विचारतो. उघडायची वेळ फक्त अर्धवट कारागिराच्या कामावर येते, असं नवरा म्हणतो. मग दोन दिवस अबोला, आणि ताटं वाढणारी मी दोघांच्या मध्ये.

मी लाँड्रीत इस्त्रीवर आहे. म्हणजे होते. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्याने इस्त्री फिरवायची. सोळा वर्षं केलं. माझं पोट त्या उजव्या हातावर होतं, आणि खरं सांगू का, या दोघांचंही होतं. यांना काम मिळालं तर मिळालं, नाहीतर दोघे पाय पसरून टीव्हीसमोर. माझा हात मात्र रोज चालायचा.

लाँड्रीत कपडे वाळवायचे चार मोठे ड्रायर आहेत. त्यांची गरम हवा डक्टमधून बाहेर जाते, आणि हवेबरोबर कपड्यांची लव उडते. ती डक्टमध्ये साठली की हवा कोंडते, ड्रायर तापतो, पुढे पेटायलाही वेळ लागत नाही. म्हणून दर शनिवारी डक्टचं झाकण उघडून आत कोपरापर्यंत हात घालायचा आणि लवेचे बोळे ओढून काढायचे. हे काम माझं, कारण माझा हात बारीक.

जुने डक्ट गंजले तेव्हा मालकिणीला मीच म्हणाले, "आमच्या घरचीच माणसं आहेत, चोख काम करतील." माझीच जीभ, दुसऱ्या कुणाला बोल लावू! मालकिणीने दोन ड्रायर नवऱ्याला दिले, दोन दिराला. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, "जोडांना रिवेट मारा, म्हणजे आत काही टोचणार नाही. आणि झाकणाला स्क्रू लावा, म्हणजे मला उघडता येईल. आत हात माझा जातो."

एवढंच होतं. लहान मुलालाही कळलं असतं.

नवरा म्हणाला, "तू तुझी इस्त्री बघ." दीर हसून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" दादाने रिवेट म्हटल्यावर धाकटा रिवेटला हात लावेल तर शपथ. आणि धाकट्याने स्क्रू लावल्यावर दादा स्क्रूला कशाला शिवतोय! नवऱ्याने दोन्ही डक्ट रिवेटने ठोकले, झाकणांसकट. एकेका झाकणाला सोळा सोळा. दिराने जोडांना वीतभर अंतरावर स्क्रू लावले, तेही हाताला लागले ते, चांगले लांब. त्यांची टोकं आत बोटाच्या पेरापेराएवढी निघाली.

पहिल्या शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, "चला, तुमची झाकणं उघडून द्या." तो म्हणाला, "रिवेटच्या डक्टमध्ये लव अडकतच नाही. उघडायचं कशाला? ते धाकट्याचं बघ, तिथे जंगल झालं असेल." दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. मी नाद सोडला.

तिसऱ्या शनिवारी दिराच्या डक्टचं झाकण उघडलं. दोन मिनिटांत उघडलं, ते कबूल करते. आत वळणाच्या जोडावर स्क्रूच्या टोकांना लव लपेटून हा एवढा बोळा झाला होता. मी रबरी हातमोजा घालून तो धरला आणि ओढला. बोळा आला, पण हात टोकांवरून घासत आला. मोजा फाटला. त्याखालचा उजवा तळहात मनगटापासून बोटांपर्यंत फाटला. आधी दुखलंच नाही. पत्र्यावरून रक्त टपटप खाली यायला लागलं तेव्हा कळलं की हे माझं.

बायकांनी हाताला टॉवेल गुंडाळला आणि नवऱ्याला फोन केला. तो जवळच होता, पाच मिनिटांत आला. मी भिंतीला टेकून खाली बसले होते, टॉवेल लाल झाला होता. तो माझ्याजवळ आला नाही. आधी डक्टजवळ गेला. खिशातली बॅटरी काढून आत बघितलं, मग मोबाइलने फोटो काढला. वळला तेव्हा चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, आनंद होता. गालात हसू मावत नव्हतं. "बघितलंस? मी काय म्हणत होतो!" म्हणाला. फोटो तिथल्या तिथे भावाला पाठवला, मग मला उठवलं.

ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाल्या की दोन बोटं वळवणाऱ्या दोऱ्या तुटल्यात. शिवून दिल्या, पण बोटं पुरती वळतील का, हे सांगता येत नाही. शिवताना नवरा त्यांना स्क्रू आणि रिवेटमधला फरक समजावत होता. "तुम्ही जरा बाहेर बसा," त्या म्हणाल्या. मला हसू आलं असतं, पण दात आवळलेले होते. मालकिणीने निरोप धाडला: जागा दीड महिना राखून ठेवते, पुढचं पुढे बघू.

संध्याकाळी दीर आला. मला वाटलं माफी मागेल. तो दारातूनच ओरडला, "दादा, फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलास? लाज नाही वाटत?" मग माझ्या अंथरुणाच्या दोन्ही बाजूंनी सुरू झालं. माझं झाकण निदान उघडतं तरी! तुझ्या स्क्रूंनी माझ्या बायकोचा हात फाडला! तुझी बायको, तूच सांभाळायचीस! मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर फेकला. मी म्हटलं, "निघा. दोघेही निघा."

दीड महिन्याने पट्टी सुटली. मधलं बोट वळलं, करंगळीजवळचं नाही. तरी मी लाँड्रीत गेले. इस्त्री उचलली, पहिला शर्ट केला, दुसऱ्याला मूठ सुटली आणि इस्त्री खाली. पाय थोडक्यात वाचला. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. मालकीण बघत होती. तिने मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. तिथे नव्या पोरींना बसवतात.

त्याच आठवड्यात जळका वास सुटला. नवऱ्याच्या डक्टचा ड्रायर तापून बंद पडला. त्या डक्टमध्ये बसवल्यापासून एकदाही हात गेला नव्हता. नवऱ्याला बोलावलं. स्वतःच्या हाताने मारलेले सोळा रिवेट ड्रिलने एकेक फोडत बसला, घामाने निथळत. झाकण निघालं तर आत लव दाबून भरलेली, मधोमध करपून काळी. तेवढ्यात दीर हजर, कुणी कळवलं देव जाणे. त्याने टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या टाळ्या. "गुळगुळीत ना, दादा? जन्मात हलणार नाही ना?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तेच हसू होतं. सख्खे भाऊ शोभतात, मनात म्हटलं.

मालकीण मला म्हणाली, "आता तूच सांग. दुरुस्ती कुणाला देऊ?" दोघेही माझ्याकडे वळले. नवरा डोळ्यांनी दटावत होता, दीर डोळ्यांनी लाडीगोडी लावत होता. सोळा वर्षांत त्या जागी मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं.

"दोघांनाही नको," मी म्हटलं. "बाहेरचा माणूस आणा."

"घरच्यांच्या पोटावर पाय देतेस?" नवरा म्हणाला.

"माझ्या पोटावर कुणी दिला?" मी हात त्याच्या नाकासमोर धरला. ते बोट तसंच ताठ उभं राहिलं. त्याने बोटाकडे बघितलं नाही. तो दिराकडे बघत राहिला.

दोन दिवसांनी दुसरा पत्रेवाला आला, पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा. नवरा आपली ड्रिल मशीन न्यायला आला होता, तो रेंगाळला. दुसऱ्याला चुका करताना बघायचा मोह होता, दुसरं काय! म्हाताऱ्याने चारही डक्ट हाताने ठोकून पाहिले, वळणाशी थांबला आणि विचारलं, "आत हात कोण घालतं?"

एवढा साधा प्रश्न. मी म्हटलं, "मी घालायचे."

त्याने माझा हात बघितला. खिशातला खडू काढला आणि म्हणाला, "आता जी घालेल तिला बोलवा. तिच्या कोपराच्या उंचीला झाकण घेतो. जोड रिवेटचे, झाकणाला चार आखूड स्क्रू."

घड्यांच्या टेबलावरची पोरगी आली, बाही वर करून उभी राहिली. म्हाताऱ्याने खडूने खूण केली. मग दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. "हे कोण? तुमच्यापैकी?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"नाही," मी म्हटलं. "आधीचे पत्रेवाले."