डिस म्हणजे अवघड

"म्हणा, पाणी," मी पुन्हा म्हणालो. सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले, कपाळावर घाम आला, पण शब्द काही येईना. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पेशंटांच्या यादीत सरांचं नाव दिसलं तेव्हा शेजारच्या खोलीत हेच काम करणाऱ्या बाई ही केस घ्यायला तयार होत्या. मी म्हटलं, छे, हा पेशंट माझा. शाळेत इंग्रजीचा धडा सर मलाच उभं राहून वाचायला लावायचे. अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची, मी अडखळायचो, वर्ग खिदळायचा आणि सर छडी उचलायचे. आता उट्टं काढायची पाळी माझी होती. त्यांनी मला ओळखलंही नाही. इतकी पोरं बदडली, लक्षात तरी किती ठेवणार!

सोबत आलेली त्यांची सून बिचारी भली. तिने विचारलं, रिपोर्टात लिहिलंय ते डिसफेझिया म्हणजे नेमकं काय हो?

याचीच तर मी वाट बघत होतो. सरांना एकेक शब्द कळेल अशा बेताने सांगितलं. 'डिस' हे इंग्रजांनी ग्रीकांकडून उचललं. त्याचा अर्थ वाईट, अवघड. ते फेझियाला लागलं की बोलणं अडतं, लेक्सियाला लागलं की वाचणं. डोकं मात्र शाबूत असतं.

"डिसलेक्सियावाल्या पोरांना मठ्ठ म्हणून झोडपायचे," मी म्हणालो. "काही मास्तर तर हौसेने."

सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझं पित्त खवळलं. इंग्रजीचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, वाचा, उभं राहून वाचा. सून चपापली.

वाचा गेली तरी जन्मभर घोकलेलं एखादं वाक्य अशा माणसांच्या तोंडात टिकून राहतं. हे मी रोज बघतो, पण रागाच्या भरात विसरलो होतो. सरांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात पुढे कर."

छडीआधीचं वाक्य, जसंच्या तसं, खणखणीत. सासरे बोलले म्हणून सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि माझा हात, तळवा वर करून, केव्हाच पुढे गेला होता.

सुनेला वाटलं, मी आधार देतोय. सरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला आणि ते वाचायला उभे राहिले.