खिशातला फ्यूज

वीज खात्यात माझं सगळं आयुष्य गळती शोधण्यात गेलं. एखाद्या वस्तीत वीज मुरते आहे आणि कुठं मुरते ते कळत नाही, असं झालं की मला पाठवत. माझी पद्धत साधी होती. एकेका घराचा फ्यूज काढत जायचं आणि मीटरकडे पाहत राहायचं. ज्या घराचा फ्यूज काढल्यावर काटा थांबला, चोर त्या घरात. दुसरा नियम त्याहून जुना. काढलेला फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे आपलं काम चालू असताना कोणी शहाणा तो परत लावणार नाही. हे दोन्ही नियम मी घरात इतक्यांदा सांगितले आहेत की कामिनी, माझी बायको, पाहुण्यांसमोर माझ्या आधीच ते म्हणून मोकळी व्हायची.

अशा माणसाच्या घरात बायकोचा मोबाईल दुपारच्या जेवणाआधीच मान टाकतो, हा मला माझाच अपमान वाटे. तरी एरवी मी कानाडोळा केला असता. पण आमची एकुलती एक मुलगी रितिका मस्कतला होती, तिला नववा लागला होता, डॉक्टरांनी विमानाने यायला मनाई केली होती आणि काही दुखलंखुपलं की ती आईलाच फोन करायची. बापाला फोन करून पोरी फक्त 'जेवलात का' एवढंच विचारतात. मे महिन्यात एकदा तिच्या पोटात कळ आली, तिने घाबरून फोन लावला तर कामिनीचा फोन बंद आणि कामिनी गाढ झोपेत. दुसऱ्या दिवशी पोर माझ्याशी बोलताना रडली, आणि मी कामिनीचा फोन ताब्यात घेतला.

"बॅटरी बदलून टाका ना जी," कामिनी म्हणाली.

"आधी गळती शोधू दे वं. दुखणं समजल्याशिवाय दवा देऊन काय फायदा?"

पहिल्यांदा मी स्क्रीनचा उजेड खाली आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला बैठकीतले पडदे ओढलेले होते. नागपुरात मे महिन्यात दहाच्या पुढे सगळेच पडदे ओढतात, त्यात नवल नाही. पण कामिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि कप हाताने चाचपून घेत होती. उजेड डोळ्याले टोचून राहिला, म्हणाली. फोन त्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, म्हणून मी खुशीत होतो.

मग मी लोकेशन बंद केलं. आपण कुठं आहोत हे फोनला क्षणोक्षणी कशाला कळायला पाहिजे? आणि आमची कामिनी मानेवाड्याच्या बाहेर जाते तरी कितीदा? त्या सकाळी ती भाजी आणायला गेली ती ऊन चढलं तरी आली नाही. मी टोपी घालून निघालो तर गल्लीच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, भरलेली पिशवी घेऊन ती उभी. तिथून आमचं फाटक दिसतं.

"काहून उभी आहे वं इथं?"

"तुमची वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "कोणत्या बाजूले वळायचं, तेच सुचेना." आणि हसली.

लू लागली असेल म्हणून मी तिला पन्हं पाजलं, आणि कांदा जवळ ठेवल्याशिवाय बाहेर पडत जाऊ नको म्हणून दोन शब्द सुनावले. उन्हाळ्यावर आळ घेतला की नागपुरात सगळं खपून जातं.

त्यानंतर मी फोनमध्ये मागच्या मागे चालणारी सगळी कामं बंद केली, आणि हा घाव वर्मी बसला. कामिनीचं डोकं म्हणजे चार शेगड्यांची चूल होती. वरणाला फोडणी देता देता खाप्याला दिलेल्या धाकट्या बहिणीशी, गोपिकाशी, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलायचं, त्याच वेळी दुधाकडे कान द्यायचा आणि मनात रितिकाचे दिवस मोजायचे, हे तिला सहज जमे. आता ती एका वेळी एकच गोष्ट करू लागली. पोळी लाटताना हाक मारली तर लाटणं थांबे, आणि उत्तर दिल्यावर हातातली पोळी कुणाची आहे असं ती पाहत राही. एकदा तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली तिच्या पावलांवर आलं, आणि ती हलली नाही. रितिका कशी आहे, हे तिने त्या आठवड्यात एकदाही विचारलं नाही. तेव्हा पहिल्यांदा माझी नजर तिच्यावरून तिच्या फोनकडे गेली.

जन्मभर मीटरसमोर उभा राहिलेला माणूस मी, शंका आली की तपासून पाहिल्याशिवाय राहवत नाही. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी तिचा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. मी उजेड वर सरकवला. कामिनी उठली, खिडकीशी गेली आणि तिने पडदा सारला. मी उजेड खाली आणला. तिने पडदा ओढला. मी पुन्हा वर नेला, आणि तिचा हात पुन्हा पडद्याकडे गेला. या सगळ्यात तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी घाईघाईने सगळं परत सुरू केलं. "अगं बाई, दूध!" म्हणत ती ओट्याकडे धावली, मग माझ्याकडे वळली. "रितिकाचा फोन आला होता का जी? किती दिवसांत बोलली नाही मी तिच्याशी." मला फार आनंद झाला. पण हातातल्या फोनवरचा आकडा खाली खाली येत होता, आणि तो उतरेल तसतशी तिची वाक्यं ओढत येऊ लागली, रंग उतरला, तिने भिंतीला हात टेकला. चार्जर लावला तर आकडा जेमतेम जागेवर राहिला. शेवटी मी एकेक करून सगळं बंद केलं तेव्हा कुठं ती खुर्चीत बसली. सगळे फ्यूज काढले तरी काटा हळूहळू फिरतच होता. म्हणजे चोर अजून माझ्या हाती लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारात, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या माणसाने फोन उलटसुलट करून पाहिला.

"बॅटरी फुगली काका. नवीन टाकून देतो. बंद करून द्या फक्त."

"बंद न करता नाही होणार?"

तो हसला. "चालत्या गाडीचं चाक बदलता येते का काका?"

त्याचं बोट बाजूच्या बटणावर गेलं आणि मी फोन त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. लोक पाहत राहिले. रिक्षात बसल्यावर घरी पोचेपर्यंत मी फोन सदऱ्याच्या आत धरून ठेवला होता. कामिनी मी बसवून गेलो होतो तिथंच बसली होती.

मग मी काटकसर लावली. दुसरं काय करणार? दिवसभर सगळं खाली, आणि संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झालं की थोडा वेळ सगळं वर. तेवढा वेळ कामिनी कामिनी असे. माझी थट्टा करी, गोपिकाची चौकशी करी, आणि रोज एकदा विचारी, "दिवसभर मी काय करून राहिली होती जी?"

"झोपली होती," मी म्हणायचो.

दुपारी रितिकाने विचारलं तर तिलाही तेच सांगायचो, आई झोपली आहे. दिवसभर घर शांत असे. खोटं कशाला बोलू, त्या शांततेची मला सवय होत चालली होती.

नातू झाल्याची बातमी अशाच एका संध्याकाळी आली. रितिकाने व्हिडिओ लावला, बाळाचं लालबुंद तोंड स्क्रीनवर मावेना, आणि कामिनी एकाच वेळी हसत, रडत, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कसे द्यायचे ते सांगत होती. तिला असं पाहून किती दिवस झाले होते. आकडा मात्र धडाधड उतरत होता. मी हात पुढे केला.

"राहू द्या ना जी," ती म्हणाली. "आज राहू द्या."

"संपून जाईल वं."

मी उजेड खाली ओढला, आणि बाकीचंही. तिचं हसू होतं तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यात कुणी नव्हतं. "आई?" फोनमधून रितिका म्हणाली. "बाबा, आई अशी काहून पाहून राहिली?"

"थकली आहे. झोपते आता," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तिच्या जिवासाठीच केलं मी ते, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काल संध्याकाळी पाणी शिंपडून झाल्यावर मी तिला सुरू केलं. काल तिने काही विचारलं नाही. माझ्या हातातला तिचा फोन घेतला, चार्जरला लावला आणि हात पुढे केला.

"तुमचा फोन द्या इकडे."

"काहून?"

"गळती शोधते. तुमचा फ्यूज कुठं काढून पाहिला आपण?"

मला हसू आलं. शिष्य तयार झाला म्हणायचा. मी दिला. मी करायचो तसंच तिने स्क्रीनवरून बोट सावकाश खाली ओढलं, आणि ओल्या अंगणातलं ऊन एकाएकी मऊ झालं. डोळ्यांना बरंही वाटलं. मग फाटक कोणत्या बाजूला आहे ते मला आठवेना, आणि आठवायची गरजही वाटेना. बाळाबद्दल तिला काहीतरी विचारायचं होतं. कूलरचा आवाज येत होता, मी तो ऐकत होतो, आणि दुसरं काही करत नव्हतो.

ती चार्जरजवळ वाकली. बराच वेळ तिने आकड्याकडे पाहिलं.

"थांबली," ती म्हणाली.

तिने माझा फोन आपल्या गाऊनच्या खिशात टाकला आणि खिसा वरून थोपटला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती रितिकाशी बोलू लागली, अगदी पहिल्यासारखी. बाळाबद्दल, डिंकाबद्दल, गोपिकाच्या गुडघ्यांबद्दल. बोलता बोलता तिने अंगणातला दिवा लावला, दुधाखालचा गॅस बारीक केला, आणि मग माझ्यासमोर येऊन थांबली. माझे डोळे उघडे होते. मी तिच्याकडेच पाहत होतो.

"बाबा ना?" ती म्हणाली. "बाबा झोपून राहिले बाई."