तिसरं पान

गोव्यात अजून पोर्तुगिजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. लोणावळ्याजवळ धरणाकाठच्या आमच्या वलवणच्या देवळात कीर्तन रंगलं होतं. मी टाळ धरून उभा होतो. मागच्या खांबापाशी एक अनोळखी बाई लेकीला कुशीत आणि टोपली मांडीवर घेऊन बसली होती. हरिकथेला आलेलं माणूस उपाशी धाडायचं नाही, ही आमच्या धोंडाबाईंची रीत. त्यांनी तिला घरी नेलं, ते कायमचंच.

बाईचं नाव रतन. नवऱ्यानं गोव्यात तिरंगा लावला म्हणून तो तुरुंगात होता आणि शिपाई हिच्याही मागावर होते. रानातून हद्द ओलांडून ती आली होती.

पण राहण्याचा परवाना नाकारला गेला. हद्दीवरच्या चौकीत ती म्हणाली होती, "आम्ही तिघं आलो." पुढे पुण्यात एका साहेबानं विचारलं, माणसं किती होती? ती म्हणाली, दोघीच. साहेबानं लिहून टाकलं, बाई खोटारडी आहे, बरोबरचा पुरुष लपवते, परत पाठवा. परत म्हणजे थेट तुरुंगाच्या दारात.

लोणावळ्याचे एक वकील आमच्या कीर्तनाला यायचे. त्यांनी रतनला एकटीला बसवून सगळं विचारलं, गालात हसले आणि आम्हाला काही न सांगता वरच्या कोर्टात गेले. तिथं त्यांचा मुद्दा एकच होता : तिसरा कोण, हे तिला कुणी विचारलंच नाही, मग ती खोटी ठरली कशी? न्यायाधीशांना ते पटलं. जुना निकाल रद्द झाला आणि दुसऱ्या अधिकाऱ्यानं तिचं म्हणणं नव्यानं ऐकावं असा हुकूम निघाला.

सुनावणी लोणावळ्याच्या विश्रामगृहात झाली. धोंडाबाईंचे मालक अंबाजीभाऊ साक्षीला आले होते, त्यांना बाहेर बसवलं. मला मात्र वकिलांनी कोपऱ्यात उभं राहू दिलं.

"तिसरा कोण होता?" नव्या साहेबांनी विचारलं.

"घरचा बाळकृष्ण," रतन म्हणाली. "टोपलीत होता. त्याला टाकून कशी येऊ? पण साहेबांनी माणसं विचारली, म्हणून दोघी म्हटलं."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिला तिथंच थांबवून त्यांनी भाऊंना आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते भाऊंना ठाऊक नव्हतं.

"तुमच्या घरी कितीजण आले?"

"तिगं, सायेब."

"तिसरा कुठं आहे?"

"देव्हाऱ्यात. रोज त्येंची तीन पानं मांडतो की आमी. पयलं त्याचं."

देव भक्ताघरी दळण दळतो हे आम्ही जन्मभर ऐकतो. तो रान तुडवत सोबतीला आला, तर मोजायचा नाही? साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बाई दोन्ही वेळा खरंच बोलली. आणि परवान्यावर सही केली.

त्या संध्याकाळी देवळात मृदंग असा घुमला की धरणापलीकडून माणसं आली. रतन पुढच्या रांगेत बसली होती, टोपली मांडीवर. धोंडाबाईंनी परवाना उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात दोगींचीच नावं हायती. देवाचं कुटंय?"

"त्याला कशाला परवाना?" भाऊ म्हणाले. "त्यो हितलाच."